अंगणावर पत्रा घालण्यापूर्वी

मागच्या बुधवारी वर्ग सुटल्यावर तिघीचौघी बायका आमच्यापाशी थांबल्या. एकीने विचारले, "गुरुजी, यंदा अंगणावर पत्रा घालावा म्हणतो आम्ही. तुमच्यासारखा. तुम्ही कसा घातलात?"

आम्ही म्हटले, "बाई, आमचा कोणता पत्रा विचारता? आता आहे तो, की उडाला तो?"

त्या हसल्या. आम्हांला मात्र हसू आले नाही. आमचा पत्रा उडाला ही गोष्ट गावात लहानथोरांना ठाऊक आहे. पण तो का उडाला, हे आम्ही आजवर कोणाला नीट सांगितलेले नाही. सांगायची लाज वाटत होती म्हणा ना! पस्तीस वर्षे आम्ही मुलांना गणित शिकवले, आणि स्वतःच्या अंगणात दोन ओळींचा हिशेब केला नाही. तो हिशेब आज आम्ही तुमच्यापुढे मांडणार आहो. आता तुम्हांला अंक वाचता येतात, गुणाकार येतो. तेव्हा हे तुम्हांला जड जाणार नाही.

आम्ही २०१८ साली निवृत्त झालो. हाती थोडे पैसे आले. घर जुने, कौलारू. पुढे अंगण. आमच्या वडिलांच्या वेळी दिवाळी झाली की अंगणात मांडव पडायचा. सुपारीचे खांब, बांबू आणि वर नारळीचे झाप. सुपारी वाळवा, मिरच्या वाळवा, लग्न असो, मुंज असो, सगळे त्या मांडवात. मृग जवळ आला की मांडव सोडायचा. दरवर्षी बांधा आणि दरवर्षी सोडा. हा खटाटोप आता कोण करणार? म्हणून आम्ही ठरवले की एकदाचा पत्राच घालू.

२०१९ च्या उन्हाळ्यात पत्रा घातला. भिंतीपासून पुढे १४ फूट आणि भिंतीच्या लांबीला १२ फूट. गणपतीत आरतीला माणसे मावावीत, संध्याकाळी शिकवणीची मुले बसावीत, असा आमचा विचार. वेल्डिंगवाला मुलगा माप घेऊन म्हणाला, "गुरुजी, चौदा फूट म्हणजे ढाळ फार कमी येईल. पुढची बाजू खाली घेऊ या का?"

आम्ही म्हटले, "खाली घेतली तर माणसाच्या डोक्याला लागेल. शोभा राहणार नाही."

तो म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं."

तो आमच्याच शाळेत शिकलेला. गुरुजींना उलट कसे बोलायचे, म्हणून गप्प बसला. त्या गप्प बसण्याचा दोष त्याच्याकडे जात नाही, आमच्याकडे येतो.

आता ढाळ म्हणजे काय ते पाहू. ढाळ म्हणजे उतार. पाणी वाहून जावे म्हणून छपराची एक बाजू उंच आणि एक बाजू खाली ठेवतात. हा ढाळ फुटाला इतके इंच असा मोजायचा. भिंतीपासून एक फूट पुढे गेलो की छप्पर किती इंच खाली आले, तेवढा त्याचा ढाळ. पन्हळीच्या पत्र्याला आपल्या पावसात फुटाला अडीच इंच तरी ढाळ हवा. कौलांना याच्या दुपटीहून जास्त लागतो, म्हणून कौलारू घराची पाखाडी इतकी उभी दिसते.

आमचा पत्रा भिंतीकडे ९ फूट उंच होता. घराची वळचणच साडेनऊ फुटांवर. तिच्या खाली अर्धा फूट सोडला, म्हणजे ९ फूट. पुढे खांबावर ८ फूट. म्हणजे १४ फुटांत पत्रा फक्त १ फूट, म्हणजे १२ इंच खाली आला. १२ ला १४ ने भागा. फुटाला एक इंचही पुरता येत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात पाणी गळू लागले. दोन पत्रे जिथे एकावर एक चढवले होते, बरोबर त्या ओळीत. ढाळ कमी असला की पाणी रेंगाळते. वारा त्याला मागे ढकलतो, आणि ते पत्र्याच्या जोडात उलटे वर चढते. आम्ही जोडावर डांबर लावले. डांबराने काय होणार? पुन्हा गळले.

त्यात आणखी एक चूक होती, ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या अंगणातल्या पत्र्यावर नुसता त्याच्या अंगचा पाऊस पडत नाही. घराच्या पाखाडीचे पाणीही वळचणीवरून त्याच्यावरच येते. हिशेब अगदी सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते. आमचा पत्रा साडेपंधरा चौरस मीटर. वरची घराची पाखाडी धरली सतरा चौरस मीटर. दोन्ही मिळून साडेबत्तीस. तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, तर ३,२५० लिटर पाणी. दोनशे लिटरची सोळा पिंपे भरतील. एवढे पाणी एका तासात त्या जवळजवळ सपाट पत्र्यावरून जायचे! आणि तासाला १०० मिलिमीटर हे काही आम्ही फुगवून सांगत नाही. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कोकणात असा पाऊस अधूनमधून येतोच.

पण गळण्याचे दुःख लहान होते. खरे संकट पुढेच होते.

वाऱ्याने पत्रा फडफडू लागला. कोणीतरी सांगितले, "वर चिरे ठेवा. वजनाने बसेल." आम्ही आठ चिरे चढवले. एकेक चिरा पंचवीस किलोचा. पत्र्याची फडफड थांबली आणि आम्ही निश्चिंत झालो.

३ जून २०२०. मृगाला चार दिवस होते. टाळेबंदीचे दिवस, माणसे घरातच. आदल्या दिवसापासून सूचना येत होत्या की निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर येणार. दुपारी ते आले. त्याचा वारा ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. श्रीवर्धनच्या बाजूला सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. तुमच्यापैकी कितीजणांच्या वाड्या त्यात गेल्या, ते आम्ही पाहिले आहे. नव्याने सांगायला नको.

आम्ही दार लावून आत बसलो होतो. एकदम कानठळ्या बसतील असा आवाज झाला. आधी चिरे गडगडले. मग पाइप पिळल्याचा आवाज आला. मग अंगणात उजेड पडला. म्हणजे वरचा पत्रा गेला होता. खिडकीच्या फटीतून पाहिले तर चार खांबांपैकी दोन खांब पत्र्याबरोबरच गेलेले. एक पत्रा शेजारच्या पडवीत शिरला.

शेजारच्या आजी रोज दुपारी त्या पडवीत पाटावर बसून सुपारी सोलतात. त्या दिवशी वारा सुटला म्हणून सुनेने त्यांना हाताला धरून आत नेले होते. पाट तिथेच राहिला होता. पत्र्याच्या कडेने पाटाचे दोन तुकडे केले.

संध्याकाळी वारा पडल्यावर शेजारी आले. त्यांनी पाटाचे दोन्ही तुकडे आमच्या ओटीवर ठेवले आणि एक शब्द न बोलता परत गेले. मंडळी, ते चार शब्द बोलले असते, भांडले असते, तर आम्हांला हलके वाटले असते. पुढे दोन महिने आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

पत्रा पडेल, अशी भीती सर्वांना असते. म्हणून आपण खांब जाड घेतो, वर वजन ठेवतो. पण पत्रा पडत नाही, तो उडतो. छत्री आठवा. पावसात छत्री घेऊन चालताना वारा खालून शिरला की काय होते? छत्री वर खेचली जाते आणि उलटी होते. कागदाची एक पट्टी घ्या. तिचे एक टोक ओठांखाली धरा आणि वरून फुंकर मारा. पट्टी खाली जाईल असे वाटते, पण ती वर उचलली जाते. छपरावरून वारा जोराने गेला की तो छपराला असाच वर ओढतो. आणि अंगणाच्या पत्र्याचे तर दुहेरी आहे. समोरून तो उघडा, मागे घराची भिंत. समोरून आलेला वारा भिंतीवर अडतो, कोंडतो, आणि खालून पत्र्याला वर ढकलतो. वरून ओढ आणि खालून ढकल!

याचा हिशेब आम्हांला आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने दाखवला. तो आता स्थापत्य अभियंता आहे. पाटीवर लिहून घ्या. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर, तो आकडा घ्यायचा. त्याला त्याच आकड्याने गुणायचे. आलेल्या उत्तराला ०.६ ने गुणायचे आणि १० ने भागायचे. जे येईल तेवढ्या किलोचा जोर एका चौरस मीटरवर येतो.

ताशी १०८ किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला ३० मीटर. ३० गुणिले ३० म्हणजे ९००. त्याला ०.६ ने गुणले की ५४०. दहाने भागले की ५४. एका चौरस मीटरला ५४ किलो. आमचा पत्रा साडेपंधरा चौरस मीटर. गुणाकार करा. ८३७ किलो. म्हणजे आठ क्विंटलांच्या वर.

आता आमच्या छपराचे वजन पाहा. पत्रा चौरस मीटरला पाच किलो धरला तर पाऊण क्विंटल. पाइप धरले तरी सगळे मिळून दोन क्विंटल भरले नसते. आठ चिऱ्यांचे दोन क्विंटल. एकूण चार. वारा आठ क्विंटल उचलायला आला होता आणि आम्ही त्याच्यापुढे चार क्विंटल ठेवले होते. बरे, चिरे तरी कुठे बांधलेले होते? ते आधी घरंगळले. ते कोणाच्या डोक्यावर पडले असते तर?

आणखी एक गोष्ट या हिशेबातून दिसते. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. आकड्याला त्याच आकड्याने गुणतो ना आपण, म्हणून. "दहा पावसाळे टिकलाय आमचा पत्रा," असे कोणी सांगितले तर त्यांना विचारा, दहा वर्षांत सर्वांत मोठा वारा केवढा आला होता?

भारतीय मानक ब्यूरो या सरकारी संस्थेने साऱ्या देशाचा वाऱ्याचा नकाशा केलेला आहे. कोणत्या भागात किती वाऱ्याला पुरेल असे बांधकाम करावे, ते त्यावरून कळते. सेकंदाला ३३ मीटरपासून ५५ मीटरपर्यंत त्याचे सहा विभाग आहेत. त्यात पुण्याला ३९ आणि मुंबईला ४४ मीटर दिले आहेत. आम्ही समुद्रकाठचे. आम्ही मुंबईचा आकडा धरला. तुम्हीच करा आता. ४४ गुणिले ४४, त्याला ०.६ ने गुणा, दहाने भागा. ११६ किलो येतील.

हे आम्ही गेल्या आठवड्यात थोडे बोललो, तेव्हा वर्गातल्या एका ताईंनी एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा सैन्यात आहे, काश्मीरात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, माझा मुलगा सांगतो की तिकडे घरांवर पत्रेच आहेत. मग ते कसे राहतात? तिकडे तर बर्फ पडतो."

प्रश्न फार चांगला आहे. तिकडचे पत्रे आपल्यापेक्षा कितीतरी उभे असतात. आपला ढाळ पाणी जाण्यापुरता, त्यांचा ढाळ बर्फ घसरण्यासाठी. नुकताच पडलेला भुसभुशीत बर्फ एक फूट जाडीचा असला तर एका चौरस मीटरवर सुमारे तीस किलो भरतो. तोच बर्फ दबून, ओला होऊन तेवढ्याच जाडीचा झाला तर शंभर किलोपर्यंत जातो. सपाट छपरावर तो साठला तर छप्पर खाली बसते. म्हणजे बर्फ खाली दाबतो आणि वारा वर उचलतो. जिथे दोन्ही आहेत तिथल्या छपराला दोन्हीकडून तयार राहावे लागते. आणि तिकडेही घरापुढच्या पडवीची अडचण आपल्यासारखीच आहे बरे का! मोठ्या छपरावरचा बर्फ एकदम घसरतो आणि खालच्या लहान छपरावर आदळतो. म्हणून खालचे छप्पर एकतर तेवढे भक्कम करतात, नाहीतर घसरत्या बर्फाच्या वाटेतून बाजूला ठेवतात. आपल्याकडे पाणी, त्यांच्याकडे बर्फ.

आपण बर्फाचा विचार सोडून देऊ. आपले दोन धनी, पाऊस आणि वारा.

२०२० च्या दिवाळीनंतर आम्ही पुन्हा पत्रा घालायचे ठरवले. घरातून विरोध होता. "आता पुन्हा कशाला तो पत्रा? झाप घाला." आम्ही म्हटले, "या वेळी आधी कागदावर घालू. कागदावर उभा राहिला तर अंगणात घालू."

कागदावर पहिली अडचण तीच आली. भिंतीकडे ९ फूट, फुटाला अडीच इंच ढाळ, पुढे १४ फूट. चौदा अडीच पस्तीस. ३५ इंच म्हणजे दोन फूट अकरा इंच. नऊ फुटांतून वजा केले तर पुढे उरतात सहा फूट एक इंच. माणूस आत येताना कपाळ आपटेल. मागच्या वेळी इथेच आम्ही ढाळ मारला होता. या वेळी ढाळ ठेवला आणि लांबी कापली. १४ ऐवजी ९ फूट. नऊ अडीच साडेबावीस इंच. म्हणजे पुढे उरले सात फूट दीड इंच. माणूस ताठ मानेने आत येतो. आरतीला माणसे कमी मावतात, ती अंगणात उभी राहतात. काही बिघडत नाही.

तुमची वळचण यापेक्षा खाली असेल. जुन्या घरांच्या वळचणी कित्येकदा सात फुटांवरच असतात. मग काय करायचे? लोक पत्रा वळचणीच्या वर नेतात. तसे केले तर वारा मधल्या फटीत शिरतो आणि कौलेही उचलतो, हे ध्यानात ठेवा. त्यापेक्षा पत्रा भिंतीपासून थोडा बाजूला, अंगणात सुटा उभा करणे बरे. नाहीतर पाच-सहा फुटांवर भागवा.

कागदावर दुसरा हिशेब वाऱ्याचा. ९ फूट गुणिले १२ फूट म्हणजे १०८ चौरस फूट. मीटरमध्ये दहा चौरस मीटर. चौरस मीटरला ११६ किलो, म्हणजे दहाला १,१६० किलो. आमचा अभियंता म्हणाला, "गुरुजी, उघड्या छपराला वरून आणि खालून जोर येतो. दीडपट धरा." दीडपट म्हणजे १,७४० किलो. खांब चार. प्रत्येकाच्या वाट्याला ४३५ किलो. एवढ्या जोराने वारा एकेक खांब जमिनीतून उपटायला बघणार.

मागच्या वेळी आमचे खांब कसे होते सांगू? खांबाच्या तळाला लोखंडी पट्टी. ती अंगणाच्या कोब्यावर बोटभर लांबीच्या बोल्टांनी बसवलेली. कोबा दोन इंचांचा. खांब उपटला तेव्हा कोब्याचा तुकडाच बरोबर गेला! दावे कितीही मजबूत असले तरी खुंटी उपटली की बैल मोकळाच.

या वेळी प्रत्येक खांबाला दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा घेतला. खड्डा आठ घनफुटांचा झाला. एक घनफूट काँक्रीट सुमारे ६८ किलो भरते. आठ घनफुटांचे ५४४ किलो. खांब उपटायला ४३५ लागतात, आपण ५४४ बांधले. छपराचे वजन वेगळेच. खांबाच्या खालच्या टोकाला आडव्या सळ्या वेल्ड केल्या, म्हणजे खांब काँक्रीटमधून सटकणार नाही. काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच आणले आणि त्याला चारी बाजूंनी उतार दिला. नाहीतर खांबाच्या बुडाशी पाणी साठते आणि खाऱ्या हवेत लोखंड तिथूनच कुजते. वरून रंग चांगला दिसतो आणि आतून खांब पोकळ झालेला असतो.

भिंतीकडचे दोन खांबही स्वतंत्र घेतले. मागच्या वेळी तिकडची बाजू आम्ही घराच्या भिंतीत बोल्ट मारून अडकवली होती, खांब नुसते टेकूला होते. चिऱ्याची जुनी भिंत, मातीत बांधलेली. तिला वर ओढ सोसत नाही. पत्रा गेला तेव्हा भिंतीचे दोन चिरेही ढिले झाले.

खड्डे झाले, खांब झाले. वर तीन-तीन फुटांवर आडवे पाइप घेतले, आणि खांब डुलू नयेत म्हणून कोपऱ्यांत तिरके टेकू दिले. आता राहिला पत्रा पाइपला धरून ठेवणारा बोल्ट. एवढासा जिन्नस. पण सगळे त्याच्यावर! आपण हुक वापरतो, इंग्रजी जे अक्षरासारखा वाकवलेला. मोठ्या ओढीने तो सरळ होतो आणि सुटतो. आमच्या अंगणात असे सरळ झालेले सतरा हुक आम्ही नंतर वेचले. म्हणून या वेळी इंग्रजी यू अक्षरासारखे बोल्ट घेतले. ते पाइपला खालून वेढा घालतात आणि वर दोन्ही टोकांना नट बसतात. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचे, खोलगट भागात नाही. खोलगट भागातून पाणी वाहते. भोकावर रबरी वायसर आणि त्याच्यावर रुंद लोखंडी वायसर. वारा पत्र्याला सर्वांत जास्त ओढतो तो कडांना आणि कोपऱ्यांना. म्हणून कडेच्या ओळींत बोल्ट जवळजवळ घेतले, मधल्या ओळींत थोडे लांब. पत्रा खांबांच्या बाहेर एक फुटापेक्षा जास्त काढला नाही. बाहेर आलेला पत्रा म्हणजे वाऱ्याला धरायला दिलेले हँडल.

पत्रा नऊ फुटांचा अखंड मिळाला, म्हणून मध्ये जोडच नाही. वळचणीला पन्हळ लावली. घराच्या पाखाडीचे पाणी ती बाजूला हौदात सोडते. आता पत्र्यावर त्याच्या अंगचाच पाऊस पडतो.

खर्च किती आला, हे तुम्ही विचाराल. पहिल्या पत्र्यापेक्षा नवा पत्रा लहान, तरी त्याला पैसे जास्त लागले. जास्तीचे पैसे मुख्यतः जमिनीखाली गेले, काँक्रीटमध्ये. ते कोणाला दिसत नाहीत. पै-पाहुणा येतो तो पत्र्याचा रंग बघतो.

माप घ्यायच्या दिवशी एक गोष्ट झाली. टेपचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते. कुंपणापलीकडून शेजारचा नातू आला आणि त्याने टोक धरले. आम्ही काही बोललो नाही. तोही बोलला नाही. पाण्याची नळी धरून दोघांनी चारी खांबांच्या पातळ्या काढल्या. खड्डे खणले तेव्हा आजी काठी टेकत कुंपणापर्यंत आल्या. खड्ड्यात वाकून बघितले आणि म्हणाल्या, "मास्तर, हा तरी राहील ना हो?"

आम्ही त्यांना हिशेबाचा कागद वाचून दाखवला. ४३५ आणि ५४४. आजींना अंक वाचता येत नाहीत, पण भाताची मापे त्यांनी जन्मभर मोजली आहेत. त्या म्हणाल्या, "म्हणजे शंभर किलो आपल्या बाजूला जास्त."

आम्ही म्हटले, "होय."

"मग ठीक," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सुताराकडून फणसाच्या फळीचा पाट करून त्यांच्या पडवीत नेऊन ठेवला.

१६ आणि १७ मे २०२१ या दिवशी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले. आमचा पत्रा हलला नाही. पण ते आपल्या अंगावर निसर्गासारखे आले नव्हते, तेव्हा त्याची फुशारकी मारण्यात अर्थ नाही. दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही शिडी लावून प्रत्येक नट आवळतो, गंजलेला बोल्ट बदलतो. मागच्या वर्षी सहा बदलले.

तुम्हांला एक विनवणी. पावसाळ्यात झड येते म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना ताडपत्री घट्ट बांधायची सवय आहे आपल्याला. नेहमीच्या पावसात चालेल. पण वादळाची सूचना आली की ती आधी सोडून टाका. मागे भिंत, बाजूंना ताडपत्री आणि समोर उघडे, असे केले की आपण वाऱ्यासाठी पिशवीच शिवून ठेवतो. आणि पत्र्यावरचे चिरे, टायर, विटा त्याच दिवशी खाली उतरवा. सूचना आलीच आहे आणि पत्रा पक्का नाही असे वाटले, तर छपराखाली कोणी थांबू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आत घ्या. गुरे सोडा.

बांधण्यापूर्वी ग्रामपंचायतीत विचारून घ्या. पत्र्याचे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडणार नाही, हेही पाहा.

आता मघाच्या बाई विचारतील, "गुरुजी, एवढं सगळं करायला पैसे नाहीत. मग पत्रा घालायचाच नाही का?" झाप घाला ना! झापाच्या मांडवाची आम्ही थोरवी गात नाही, पण तो वाऱ्याला वाट देतो, आणि उडाला तरी झाप अंगावर आला म्हणून कोणी कापले जात नाही. मृगाआधी सोडायचा कंटाळा करू नका, एवढेच. पत्राच हवा असेल तर लहान घाला. सहा फूट घाला. पैसे आधी खड्ड्यात घाला, मग वर.

पुढच्या बुधवारी येताना प्रत्येकाने तीन मापे पाटीवर लिहून आणायची. तुमची वळचण जमिनीपासून किती उंच आहे ते पहिले. पत्रा भिंतीपासून किती फूट पुढे हवा ते दुसरे. भिंतीच्या लांबीला किती ते तिसरे. टेप नसेल तर दोरीला फुटाफुटावर गाठी मारा आणि मोजा. फूटपट्टी वर्गात आहे, ती घेऊन जा, पण परत आणा. आपण एकेकाचा ढाळ आणि एकेकाचा खड्डा फळ्यावर काढू. आणि ज्याच्या अंगणात आज पत्रा आहे, त्याने खांबाच्या बुडाशी खुरप्याने जरा उकरून बघायचे, खाली काय आहे ते.